रायगडावर आलेल्या ऑक्झिंडनचं घराणं

नमस्कार श्रोतेहो.

शिवराज्याभिषेकाची गोष्ट निघाली की हेन्री ऑक्झिंडन हे नाव येतंच. ६ जून १६७४ला इंग्रजांचा वकील म्हणून तो रायगडावर होता. दुभाष्या नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरून दाखवली आणि महाराजांनी त्याला सिंहासनाच्या पायरीपाशी बोलावून घेतलं. दरवाज्यात दोन लहान हत्ती पाहून, असल्या वाटेने हे वर आणले कसे, याचंच त्याला नवल. मला मात्र त्या हकिगतीतला म्हातारा खाटीक आवडतो. आधीच्या काही वर्षांत खपलं नव्हतं एवढं मटण या साहेबांनी थोड्या दिवसांत नेलं, म्हणून तो गड चढून आला. कशाला? तर ही माणसं दिसतात कशी, ते बघायला!

हे घराणं केंट परगण्यातल्या विंगमजवळच्या डीनचं. त्यातले सर जॉर्ज सुरतेच्या वखारीचे प्रेसिडेंट. १६६४ला महाराजांनी सुरत लुटली तेव्हा त्यांनी वखार राखली. १६६९ला ते तिथेच वारले. भाऊ ख्रिस्तोफरही सुरतेतच गेला होता. दोघांची घुमटाची कबर अजून उभी आहे. थोरले भाऊ हेन्री मायदेशीच राहिले. (हे रायगडावरचे हेन्री नव्हेत, या घरात हेन्रींचा सुकाळच!) १६७८ला दुसऱ्या चार्ल्सने त्यांना बॅरोनेट केलं.

बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. नावाआधी 'सर', तेही पिढीजात, पण लॉर्डांच्या सभागृहात जागा नाही. पहिल्या जेम्सने १६११ला हा किताब काढला तो चक्क पैशासाठी. आयर्लंडात तीस शिपाई तीन वर्षं पोसायचा खर्च, म्हणजे १,०९५ पौंड भरायचे आणि 'सर' व्हायचं. इतका उघड व्यवहार.

किताब जायचा तो पुरुष वंशजाकडेच. मुलीकडे नाही, दत्तकाकडे तर नाहीच. १८४८ला कंपनीने दत्तक नाकारून साताऱ्याची गादी खालसा केली. आपल्या लोकांनी त्याविरुद्ध विलायतेपर्यंत दाद मागितली. ऑक्झिंडनांना तर दत्तकासाठी अर्ज करायचीही सोय नव्हती.

पुढे हे लोक केंटमध्येच ब्रूम पार्क नावाच्या विटांच्या वाड्यात राहू लागले. १९११ला तो वाडाही विकला. घेणारे होते लॉर्ड किचनेर, दोनच वर्षांपूर्वीपर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापती. १९२४ला शेवटचे बॅरोनेट वारले. वारस नव्हता. किताब बुडाला.