स्वतःचा अँप्लिफायर स्वतः का बनवावासा वाटतो?

नमस्कार. दोन-चार हजार रुपयांत बरा वाजणारा ब्लूटूथ स्पीकर मिळत असताना काही माणसे अँप्लिफायर, म्हणजे आवाजाचा क्षीण संकेत स्पीकर वाजवण्याइतका मोठा करणारे यंत्र, बनवत रविवारची दुपार सोल्डरिंगच्या धुरात का घालवतात, या प्रश्नाला बहुतेक जण एकच उत्तर देतात: पैसे वाचतात म्हणून. हे उत्तर एके काळी बऱ्याच अंशी खरे होते. आता ते तसे राहिलेले नाही, तरीही छंद मात्र टिकून आहे. तो का टिकला, हा आजच्या भागाचा विषय आहे.

त्यासाठी १९४७ सालापर्यंत मागे जावे लागेल. ब्रिटनमधील ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकाच्या त्या वर्षीच्या एप्रिल आणि मे महिन्यांच्या अंकांत डी. टी. एन. विल्यमसन या अभियंत्याने १५ वॉटच्या व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अँप्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. ध्वनीतील विकृती ०.१ टक्क्याहून कमी ठेवणारी ही रचना त्या काळी थक्क करणारी होती. तिचे मर्म निगेटिव्ह फीडबॅकमध्ये होते. बाहेर पडणाऱ्या संकेताचा (सिग्नलचा) थोडा अंश उलटा करून पुन्हा आरंभी आणला, की अँप्लिफायर स्वतःच्या चुका स्वतःच बऱ्याच प्रमाणात पुसून टाकतो. अडचण अशी, की व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मध्ये बसलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर सुमार दर्जाचा असेल, तर हाच फीडबॅक उलटतो आणि अँप्लिफायर शिट्टी मारू लागतो. म्हणून विल्यमसनने ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी कशी करायची, हेही सविस्तर लिहिले. युद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत वाचकांनी तो लेख समोर ठेवून अँप्लिफायर बांधले, आणि ही लाट अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली. दुकानात सहज न मिळणारी गुणवत्ता मासिकाच्या काही पानांतून घरी येत होती.

त्याच वर्षी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, बेंटन हार्बर या गावी, हीथकिट कंपनीने आपले पहिले इलेक्ट्रॉनिक किट, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचा संच, विकायला काढले. ते ऑसिलोस्कोपचे, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचे होते. पुढे विल्यमसन धर्तीचे अँप्लिफायरही आले. या किटसोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक पायरीपुढे खूण करण्यासाठी जागा सोडलेली असे: अमुक तार तमुक टोकाला जोडा, खूण करा, पुढे जा. जोडणीची मजुरी ग्राहकच करत असल्यामुळे वस्तू स्वस्त पडे. पण पुढे यंत्रांनी सर्किट बोर्ड भरायला सुरुवात केली, मजुरीचा वाटा नगण्य झाला आणि किट घेण्यात काही बचतच उरली नाही. १९९२ मध्ये हीथकिटने किटचा व्यवसाय गुंडाळला. लोक केवळ पैशांसाठी हा उद्योग करत असते, तर तो तिथेच संपायला हवा होता.

तो संपला नाही. १९९९ च्या सुमारास ४७ लॅबोरेटरी या छोट्या जपानी कंपनीने गेनकार्ड नावाचा अँप्लिफायर बाजारात आणला. विद्युतपुरवठ्याच्या स्वतंत्र डब्यासह त्याची किंमत हजारो डॉलरमध्ये जात होती. आत मात्र एलएम३८७५ ही काही डॉलरला मिळणारी चिप आणि प्रत्येक चॅनलला बोटांवर मोजता येतील इतकेच घटक होते. जगभरच्या हौशी लोकांनी ते पाहिले आणि त्याच रचनेच्या घरगुती आवृत्त्या बांधल्या. त्यांना ‘गेनक्लोन’ हे नावच पडले. मूळ कंपनीने फसवणूक केली, असे मी म्हणणार नाही. सुबक पेटी, कल्पकता आणि कमी घटकांचा आग्रह यांना मोल असतेच. पण झाकण उघडल्यावर आतील सगळा कारभार एका नजरेत समजतो, या जाणिवेची गोडी लागलेला माणूस सहसा मागे फिरत नाही.

ही गोडी नेमकी कशाची, हे आता प्रत्यक्षच पाहू.

(मेजावरील बोर्ड जवळून.)

हा एलएम३८८६ चिपचा अँप्लिफायर आहे. १८-०-१८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीची डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि वीज साठवणारे १०,००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर मिळून चिपला अधिक आणि उणे असे प्रत्येकी सुमारे २५ व्होल्ट पुरवतात. नवा बोर्ड थेट २३० व्होल्टवर लावायचा नसतो. आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बोर्ड इथे कामी येतो, म्हणजे मध्ये १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब. बटण दाबताच बल्ब क्षणभर लख्ख पेटतो, कारण रिकामे कपॅसिटर वीज ओढून घेतात. मग तो मंदावत विझतो. बल्ब विझला नाही, तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि चिप जळण्याआधीच ते आपल्याला कळलेले असते. त्यानंतर आउटपुटवर मल्टिमीटर लावून तिथे डीसी व्होल्टेज जवळजवळ शून्य असल्याची खात्री करायची आणि मगच स्पीकर जोडायचा.

स्पीकर जोडला, की बहुधा घुम्म असा आवाज येतो, आणि खरी मौज इथे सुरू होते. आपल्या घरची वीज ५० हर्ट्झची. खर्जातली मऊ घुमघुम ऐकू येत असेल, तर ती ५० हर्ट्झची, म्हणजे संशय ग्राउंड लूपवर (ग्राउंडच्या तारांचे नकळत झालेले वेटोळे) किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जवळिकीवर. भुंग्यासारखी खरखरीत भुणभुण असेल, तर ती १०० हर्ट्झची. रेक्टिफायर प्रत्येक लहरीचे दोन्ही अर्धे भाग वापरतो, म्हणून आकडा दुप्पट होतो. कपॅसिटर भरताना जे मोठे झटके तारेतून जातात, त्याच तारेला संकेताचा ग्राउंड जोडला असेल, तर ते झटके संगीतात मिसळतात. सगळे ग्राउंड एका बिंदूवर आणून जोडले, एखादी तार दोन इंच सरकवली, की भुणभुण थांबते. कारण डोळ्यांनी दिसले, हाताने दूर केले आणि परिणाम कानांनी ऐकला. मोबाइलच्या बोर्डवर ही सोय उरलेली नाही. तिथे सामान्य माणूस काच बदलण्यापलीकडे जाऊ शकत नाही. माझ्या मते या छंदाच्या ओढीचे मूळ हेच आहे: आजच्या यंत्रांपैकी फार थोडी यंत्रे अजून माणसाच्या आवाक्यात आहेत, आणि अँप्लिफायर त्यांपैकी एक आहे.

स्पीकरच्या बाबतीत तर हौशी माणूस कारखान्याच्या बरोबरीने उभा राहू शकतो. याचे श्रेय ऑस्ट्रेलियात काम केलेल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांकडे जाते. थील यांनी १९६१ मध्ये आणि स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी जे गणित मांडले, त्यामुळे कोणत्या ड्रायव्हरला (पेटीत बसवायच्या सुट्या स्पीकरला) किती लिटरची पेटी हवी, हे मोजून ठरवता येऊ लागले. आज चांगल्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात हे आकडे छापलेले असतात आणि ते फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये भरले, की बेस किती खोल जाईल याचा आलेख समोर येतो. नॉर्वेची सीस किंवा डेन्मार्कची स्कॅन-स्पीक मोठ्या ब्रँडना ड्रायव्हर पुरवतात, तसे ते तुम्हा-आम्हालाही मिळतात. फरक उरतो तो पेटीचा. कारखान्याला ट्रकभाडे, गोदाम आणि विक्रेत्याचा नफा यांचा हिशेब करावा लागतो. तुमची पेटी खोलीबाहेर जाणारच नसेल, तर दुहेरी प्लाय लावून ती ४० किलोंची करायला कोण अडवणार? घरातली माणसे अडवतील, पण तो वेगळा विषय.

अँप्लिफायरविषयी मात्र मी इतका उत्साही नाही. नीट बांधलेला घरगुती अँप्लिफायर आणि बाजारातला नीट बांधलेला अँप्लिफायर यांतला फरक कानाला कळेल, अशी अपेक्षा धरू नये. महागडा कपॅसिटर बसवला आणि आवाज ‘खुलला’, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपण खपून केलेली वस्तू आपल्याला गोड लागणारच. शिवाय दोहोंपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर तोच सरस वाटतो. तुलना करायचीच असेल, तर आउटपुटचे व्होल्टेज मल्टिमीटरने सारखे करून घ्यावे आणि कोणता वाजतो आहे हे ऐकणाऱ्याला सांगू नये. या कसोटीनंतर बरेच वाद मिटतात.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी व्हॉल्व्हच्या मागे आधी लागू नये. त्यात ३०० ते ४०० व्होल्टचा डीसी पुरवठा असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार राहू शकतो. चिप अँप्लिफायरने आरंभ करावा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली इथे हे सामान मिळते. पण बनावट चिपही याच बाजारांत फिरतात, तेव्हा चिप अधिकृत वितरकाकडून मागवावी आणि हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा), तारा, पेटी, कनेक्टर गल्लीतून घ्यावेत. ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून करून घेतलेला उत्तम. १८-०-१८ एवढेच सांगितले, तर तो किती अँपिअर आणि कोणत्या कामासाठी असे विचारेल. त्याला काय काय सांगायचे, हे आपण पुढच्या भागात पाहू.