स्कोकीने मौन सोडलं

मित्रहो, शिकागोच्या उत्तरेला लागूनच स्कोकी नावाचं एक उपनगर आहे. तिथे होलोकॉस्टचं, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं, संग्रहालय आहे; ही त्याची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत सुटलेली हजारो ज्यू माणसं या परिसरात येऊन स्थिरावली. त्यांनी दुकानं टाकली, नोकऱ्या धरल्या, मुलं वाढवली. आणि बहुतेकांनी झाल्या गोष्टींबद्दल अवाक्षर काढलं नाही. छावणीत हातावर गोंदलेला नंबर बाहीखाली राहिला. आजी-आजोबा का नाहीत, हा मुलांचा प्रश्न घरोघरी टाळला गेला.

ते मौन १९७७ साली सुटलं. फ्रँक कॉलिन नावाच्या माणसाच्या नाझी संघटनेने ठरवलं, स्वस्तिकाचे झेंडे घेऊन याच गावात निदर्शनं करायची. गावातल्या जाणत्या मंडळींचा सल्ला होता, दारं-खिडक्या लावून घ्या, लक्ष देऊ नका. तो सल्ला ऐकून छावणीतून सुटलेली माणसं खवळली. दारं लावून घरात बसल्याचा परिणाम काय होतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती!

प्रकरण कोर्टात गेलं. नाझींच्या अभिव्यक्तीच्या हक्कासाठी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था उभी राहिली, आणि तिचे वकील डेव्हिड गोल्डबर्गर स्वतः ज्यू होते. जानेवारी १९७८ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की स्वस्तिक मिरवणं हीसुद्धा अभिव्यक्तीच, ती रोखता येणार नाही. नाझी शेवटी स्कोकीत आलेच नाहीत, शिकागोतच सभा घेऊन मोकळे झाले. पण गाव कोर्टात हरलं होतं.

माझ्या मते संग्रहालयाचा पाया त्या पराभवात आहे. द्वेषाचं तोंड कायदा बंद करणार नाही, हे स्पष्ट झालं. मग आपल्या हातात काय उरलं? आपलं तोंड उघडणं. १९८१ साली या लोकांनी एक प्रतिष्ठान स्थापन केलं आणि काही वर्षांत मेन स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या गाळ्यात छोटंसं संग्रहालय थाटलं. छावण्यांतून वाचलेली माणसं शाळाशाळांतून जाऊन बोलू लागली. ज्यांनी स्वतःच्या मुलांना सांगितलं नव्हतं, ती परक्या मुलांसमोर उभी राहिली. १९९० मध्ये इलिनॉयने सरकारी शाळांमध्ये हा इतिहास शिकवणं बंधनकारक केलं. असा कायदा करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. त्यामागे याच मंडळींचा रेटा होता.

फ्रिट्झी फ्रिट्झशाल यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्यातली ही मुलगी ऑशविट्झच्या छळछावणीत पोचली, तेव्हा तिथल्या एका कैद्याने तिला बजावलं, वय पंधरा सांग. त्याहून लहान दिसली असती तर थेट गॅस चेंबर. पुढे तिला एका कारखान्यात वेठीला धरलं. सोबत ५९९ बायका होत्या, त्यांत ही सर्वांत लहान. त्या बायका आपल्या वाट्याच्या पावातला कण कण तिला देत. कण म्हणजे अक्षरशः कण, कारण त्यांच्याकडेच पोटापुरतं नव्हतं. बदल्यात एकच मागणं होतं, वाचलीस तर आमचं काय झालं ते जगाला सांग. ती वाचली, शिकागोला आली, हेअरड्रेसर म्हणून राबली. आणि पुढे या संग्रहालयाची अध्यक्ष झाली. २०२१ मध्ये गेल्या, तोपर्यंत फ्रिट्झीबाई ते वचन फेडतच होत्या.

आजची मोठी इमारत १९ एप्रिल २००९ रोजी उघडली. वास्तुरचनाकार स्टॅन्ली टायगरमन. प्रवेश काळ्या भागातून, बाहेर पडायचं पांढऱ्या भागातून, आणि मधल्या फटीत त्या काळातला जर्मन रेल्वेचा खराखुरा डबा. इमारत प्रभावी आहे, यात शंका नाही. पण मला तिच्यापेक्षा गाळ्यातलं ते संग्रहालय अधिक मोलाचं वाटतं, कारण तिथे वस्तूशेजारी वस्तूचा मालक उभा असायचा.

आता तो मालक उभा राहू शकत नाही. म्हणून २०१७ पासून इथे होलोग्राम आहेत. वाचलेल्यांना कॅमेऱ्यांसमोर बसवून शेकडो प्रश्न विचारले, उत्तरं साठवली. आज विद्यार्थी प्रश्न विचारतो आणि समोरची त्रिमितीय प्रतिमा त्याला जुळणारं उत्तर देते. त्यांतले आरोन एल्स्टर २०१८ मध्ये वारले, तरी त्यांना अजून प्रश्न विचारता येतो. ही सोय मोठी आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण जो प्रश्न तेव्हा कुणालाच सुचला नाही, त्याचं उत्तर तिच्यात नाही. आणि मुलं नेमके तसलेच प्रश्न विचारतात.

म्हणून माझी भिस्त दुसऱ्या पिढीवर आहे. वाचलेल्यांची मुलं-नातवंडं आता शाळांतून बोलतात. आईवडिलांची हकिगत सांगता सांगता ती आणखी एक गोष्ट सांगू शकतात, जी खुद्द वाचलेल्यांना सांगता आली नसती: त्या मौनाच्या घरात लहानाचं मोठं होणं कसं होतं.