अंगावर येतो तो सिनेमा

(अंबाजोगाईत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तो पंखा थोडा वेळ बंद करता येईल का? फार खडखडतोय. बरं, राहू द्या. या उकाड्यात तुम्ही बसणार नाही, आणि आजचा विषयच शरीर आहे म्हटल्यावर मला तक्रारीला तोंड नाही.

मी आयुष्यभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. सिनेमावर बोलायला मला का बोलावलं, असं संयोजकांना विचारलं. ते म्हणाले, "सर, सिनेमावाले सिनेमाबद्दल बोलतात, बघणाऱ्याबद्दल कुणीच बोलत नाही." तर आज बघणाऱ्याबद्दल बोलू. त्यातही त्याच्या मानेखालच्या भागाबद्दल जास्त.

आपल्या भाषेला ही गोष्ट आधीपासून ठाऊक आहे. परीक्षण लिहिणारा 'आशय' आणि 'मांडणी' असे शब्द वापरतो. तोच माणूस घरी बायकोला सिनेमा सांगताना काय म्हणतो? अंगावर काटा आला. पोटात गोळा आला. छातीत धस्स झालं. घसा दाटून आला. आपण याला अलंकार समजतो, पण हा अहवाल आहे. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो आणि तो आपल्या हुकमात नसतो. थंडी वाजली किंवा जिवावर बेतलं की तो आखडतो आणि केस उभा राहतो. समोर बिबट्या असला तर हे व्हायलाच हवं. पण समोर चादरीवर पडलेला उजेड आहे, आपण तिकीट काढून आलोय, सगळं खोटं आहे हे पक्कं माहीत आहे, तरी तो स्नायू आखडतोच. त्याला तिकिटाचं कुणी सांगितलेलं नसतं.

माझा मामा टूरिंग टॉकीजवर ऑपरेटर होता. थंडीत माळेगावची खंडोबाची जत्रा, चैत्रात येरमाळा, मधल्या काळात जिथं बाजार मोठा तिथं तंबू. सुट्टीत मी त्याच्यामागं हिंडायचो. मालक आसपास दिसला की मला पडद्यामागं बसावं लागायचं, कारण पुढं तिकिटाची जागा. पडदा म्हणजे पांढरं कापड, चित्र मागूनही दिसायचं, फक्त उलटं. त्यामुळं माझ्या लहानपणीचे बरेचसे नायक डावखुरे आहेत. ते डाव्या हातानं जेवायचे आणि डाव्याच हातानं तलवार चालवायचे. पुढं कॉलेजात असताना त्यातलाच एक सिनेमा सरळ बाजूनं पाहिला, तर मला तो खोटा वाटला.

तर मामा. यंत्राच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जुळवताना तो एकदा म्हणाला, "भाच्या, तीन तास बघायलास, पर त्यातलं दीड तास निस्ता अंधारच असतोय." मला वाटलं, चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. सिनेमाच्या फितीवर सेकंदाला २४ चित्रं जातात. एक चित्र खाली सरकून दुसरं जागेवर येईपर्यंत प्रकाश अडवावा लागतो, नाहीतर पडद्यावर नुसती रेघोटी दिसेल. म्हणून भिंगासमोर पंख्यासारखं शटर फिरतं. उजेड फार लुकलुकू नये म्हणून ते प्रत्येक चित्र दोनदा दाखवतं. म्हणजे सेकंदाला ४८ वेळा उजेड, ४८ वेळा अंधार. बेरीज केली तर जवळजवळ अर्धा वेळ पडदा काळा असतो. मामाला हे कुणी शिकवलं नव्हतं. शटर हातानं फिरवून त्यानं ते शोधलं होतं.

मग हलणारा माणूस दिसतो तो कुठं? पडद्यावर तर नाहीच. तिथं स्थिर चित्रं आणि अंधार एवढंच आहे. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की डोळ्याच्या पडद्यावर चित्राचा ठसा थोडा वेळ टिकतो, म्हणून गती दिसते. आजही पुस्तकांत तेच छापतात. ते पुरेसं नाही. नुसते ठसे टिकले असते तर चित्रांचा लगदा दिसला असता. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानं १९१२ साली दाखवलं की शेजारच्या दोन जागी एकामागून एक रेघ चमकवली, तर माणसाला एकच रेघ सरकताना दिसते. प्रत्यक्षात काहीच सरकलेलं नसतं. मधली वाट मेंदू घालतो. यंत्र अर्धंच देतं, उरलेलं बघणारा स्वतःच्या अंगचं घालतो. मला हे मजुरीसारखं वाटतं. आपण पैसे देऊन आत जातो आणि वर कामही करतो.

आता पापणीचं बघा. साधारणपणे आपण मिनिटाला १५-२० वेळा पापणी लववतो. पडद्यासमोर हे प्रमाण घटतं, म्हणून डोळे चुरचुरतात. पण गंमत पुढं आहे. जपानी संशोधकांनी २००९ साली काही लोकांना गोष्ट असलेली चित्रफीत दाखवली आणि त्यांच्या पापण्या मोजल्या. लोक बऱ्याचदा एकाच वेळी पापण्या मिटत होते. पात्राची एखादी कृती संपली की तेवढ्या फटीत सगळ्यांची पापणी पडायची. नुसतं निसर्गदृश्य दाखवलं किंवा गोष्ट फक्त ऐकवली, तर असं होत नव्हतं. त्याआधी २००४ साली उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी मोजक्या माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून एका सिनेमाचा अर्धा तास दाखवला होता. वेगवेगळ्या डोक्यांत मेंदूचे बरेच भाग एकाच तालावर चढत-उतरत होते. तंबूत पाचशे माणसं दाटीनं बसलीत, एकमेकांना ओळखत नाहीत, जत्रा संपली की आपापल्या गावी जाणार आहेत, आणि त्यांच्या पापण्या एकदम पडतात. भजनात टाळ असतात, लेझमीला हलगी असते. इथं ताल धरायला कुणी नाही.

यातूनच 'अंगात येणं' सुरू होतं. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा लोक चपला बाहेर काढून थिएटरात शिरत, पडद्यावर फुलं नि नाणी टाकत. शिकलेल्यांनी त्याला अडाणीपणा म्हटलं. मीही म्हणायचो. तंबूत देवीची आरती सुरू झाली की एखादी बाई घुमायला लागायची, केस मोकळे, डोळे वर. मामा यंत्र बंद करायचा नाही, फक्त आवाज थोडा उतरवायचा. आज मला त्या बाईत आणि शहरातल्या एसी हॉलमध्ये दचकून शेजाऱ्याचा हात धरणाऱ्यात फारसा फरक दिसत नाही. एकीकडे शरीराला रीत माहीत होती, दुसरीकडे नाही, एवढंच. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा आमच्या गल्लीत टीव्हीला हार घालत. त्यासमोर पाय पसरून बसलं की आजी पायावर फटका मारायची.

पण तंबूचं फार गोडवं गाऊ नये. बायकांची बाजू वेगळी, मधे दोरी किंवा कनात. शिटी मारायचा हक्क दोरीच्या अलीकडच्यांना. पलीकडं तोंडावर पदर धरून हसायचं आणि कडेवरचं लेकरू रडलं की बाहेर जायचं, मग गोष्ट कुठंही असो. माझ्या आईनं कितीतरी सिनेमांचे शेवट पाहिलेले नाहीत. सगळ्यांचं शरीर एक झालं, असं मी आत्ता म्हणालो, तेव्हा ती दोरी विसरून म्हणालो. आता माझी सून रात्री सगळं आवरल्यावर कानात इअरफोन घालून सिनेमा बघते आणि एकटीच खदखदा हसते. हा मोबाइलचा तोटा की फायदा, ते तिला विचारा. मला विचारू नका.

आता एक जड गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते, आणि दगडमातीची घरं अंगावर आली. इथं बसलेल्या कित्येकांना ती पहाट सांगायला नको. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आमच्या ओळखीतलं त्या भागातलं एक कुटुंब शहरातल्या नव्या थिएटरात गेलं होतं. लढाईचा प्रसंग सुरू झाला आणि आवाजानं खुर्च्या थरथरल्या. घरातल्या आक्का उठल्या, शेजारचं पोर कुणाचं तेही न बघता काखेत मारलं आणि दाराकडं धावल्या. मुलगा मागं पळाला, "आक्का, बसा, शिनेमा हाय." त्या बाहेर येऊन मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या. तोपर्यंत पोराची आईसुद्धा ओरडत बाहेर आली होती.

यात काय झालं? फार खालच्या पट्टीतला आवाज आपण कानांनी कमी आणि छातीनं, पोटानं, तळपायांनी जास्त ऐकतो. २० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला २० कंपनांच्या, खाली तर कान जवळजवळ संपतो आणि उरतो तो हादरा. सिनेमावाल्यांना हे चांगलं माहीत आहे. १९७४ साली हॉलिवूडनं भूकंपावरच्या एका सिनेमासाठी 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा काढली. मोठमोठे स्पीकर लावून अख्खं थिएटर गदगदवायचं. तिकडं ती करमणूक होती. आक्कांच्या पायांनी ती वेगळी वाचली. डोळ्यांना कळत होतं की समोर नट आहेत. पायांनी डोळ्यांचं ऐकलं नाही.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगायचो. आपण त्यांचं १९१३ सांगतो, 'राजा हरिश्चंद्र' सांगतो. त्याआधीचं सांगत नाही. सिनेमाचं वेड लागल्यावर हा माणूस मुंबईत जे मिळेल ते चित्रपट रोज तासन्‌तास बघत सुटला, उरलेल्या वेळात प्रयोग, झोप नाही. शेवटी दृष्टीच गेली. उपचार झाले, विश्रांती झाली, चष्मे लागले आणि ती परत आली. मग त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप वाढताना थोड्या थोड्या वेळानं चित्रं घेतली. कित्येक दिवसांचं उगवणं पडद्यावर घटकाभरात दिसलं. नुकती दृष्टी परत आलेल्या माणसानं हा विषय निवडला, याचं मला फार वाटतं. भारतीय सिनेमाची पहिली किंमत डोळ्यांनी मोजली गेली.

प्रत्येक पडदा शरीराकडून वेगळी मजुरी घेतो. आपल्या अजिंठ्याला जा. सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा आहे. एकाच भिंतीवर तोच माणूस पुन्हा पुन्हा दिसतो, जहाजातून उतरताना, हत्तीवर, लढताना. चित्र जागेवर आहे. हलायचं तुम्ही. दिवा पुढं धरून पाय सरकवायचे, मान वर करायची, मागं फिरायचं, तेव्हा गोष्ट पुढं जाते. सिनेमानं हे उलटं केलं. चित्र पळणार आणि तुम्ही गप्प बसणार. तरी त्यात डोळ्यांना आराम होता. सहा मीटरच्या पलीकडं बघताना डोळ्यातला भिंग फुगवणारा स्नायू सैल असतो. तंबूत पडदा त्याहून लांबच असायचा. मोबाइल वीतभर अंतरावर, तिथं तो स्नायू सतत आवळलेला. लेकरांना लवकर चष्मा लागतो त्याचं एक कारण हे. दुसरं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं, उन्हात न खेळणं. तैवाननं २०१० पासून शाळकरी पोरांना दिवसाला दोन तास बाहेर काढायची मोहीम घेतली ती त्यासाठीच.

मानेचं गणितही ऐका. अमेरिकेतल्या एका मणक्याच्या सर्जननं २०१४ साली संगणकावरच्या प्रतिकृतीनं मांडलं की मान सरळ असताना डोक्याचा भार पाचेक किलो, पण ६० अंश झुकली की मणक्यांवर सुमारे २७ किलो. हे जिवंत माणसावर मोजलेलं नाही, तेव्हा वर्तमानपत्रात येतं तसं घाबरून जायचं कारण नाही. पण बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी बाई दिवसभर तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते आणि रात्री कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, तीच मान मोबाइलवर झुकवते. गावाकडं सासूपाशी ठेवलेलं लेकरू व्हिडिओ कॉलवर बघायला. तिला मी कुठल्या तोंडानं सांगू की मान सरळ ठेवा?

आणि तिचा अंगठा. हा पहिला पडदा आहे ज्याला आपण हात लावतो. त्याच्या काचेखाली विजेचं बारीक क्षेत्र असतं, बोट टेकलं की ते बदलतं, कारण आपल्या अंगातून वीज वाहते. पण कातडी घट्टे पडून कोरडी झाली की पडद्याला बोट नीट कळत नाही. आमच्याकडं कापूस वेचणाऱ्या बायका बोट जिभेला लावून मग मोबाइलला लावतात, ते यामुळं. रेशनच्या मशीनवरही तेच. "थंब लागंना" म्हणून माणूस दोन-दोनदा परत जातो. ऊस आणि कोयत्यानं ज्याचे ठसे झिजले, त्याला यंत्र म्हणतं, तू तो नव्हेस.

म्हणजे आता आपण पडदा बघतो तसा पडदा आपल्याला बघतो. हे नवीन मात्र नाही. सिनेमाच्या पूर्वजांत एतियन ज्यूल मारे नावाचा फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ आहे, माझ्याच जातीतला माणूस. त्यानं आधी नाडीचा आलेख काढणारं यंत्र केलं आणि १८८२ साली बंदुकीसारखा कॅमेरा, सेकंदाला बारा चित्रं घेणारा, पक्षी उडतो कसा हे बघायला. त्याला गोष्ट सांगायची नव्हती, अंग मोजायचं होतं. मधली शंभरेक वर्षं आपण त्या यंत्राला नाचगाणी करायला लावलं. आता मनगटावरचं घड्याळ हिरवा उजेड टाकून नाडी मोजतं. यंत्र आपल्या मूळ धंद्यावर परत आलंय.

मामा नव्वदीकडं झुकलाय. तंबू गेल्यावर तो पक्क्या थिएटरात दोन मशीनवर होता. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, पुढचा ठिपका दिसला की उजेड बदलायचा. प्रेक्षकाला कळता कामा नये. परवा त्याला भेटायला गेलो तर नातवानं मोबाइलवर जुना सिनेमा लावून दिला होता, कुठल्यातरी जुन्या प्रिंटवरून चढवलेला. मोतीबिंदू काढलेत, तरी फोन हातभर लांब धरून बघत होता. मी काहीतरी विचारलं, त्याचं लक्ष नव्हतं. उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला. मला तो दिसलाही नसता. मामाचा डावा हात उचलला गेला आणि खाटेच्या कडेला, जिथं काहीच नव्हतं, तिथं बोटांनी खटका शोधू लागला.