सावळे सुंदर : मध्ये ‘पण’ नाही

मंडळी, आषाढी चार दिवसांवर आली आहे. येताना दादर चौपाटीवर क्षणभर थांबलो, तर समुद्रावर आभाळ उतरलं होतं. त्या रंगाला काळा म्हणवेना, निळाही म्हणवेना. आपल्याकडे त्यासाठी एक शब्द आहे, सावळा. आज त्या एका शब्दाविषयीच बोलणार आहे.

मुंबईकराला काळा रंग आधी पत्ता म्हणून भेटतो. दक्षिण मुंबईतला काळा घोडा चौक घ्या. ज्यावरून हे नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तिथून हलवला, आता तो राणीच्या बागेत आहे. तिथे स्वाराविना नवा घोडा उभा राहिला तो २०१७ साली. मधली बावन्न वर्षं लोक नसलेल्या घोड्यापाशी भेटत राहिले. राजा विसरला गेला आणि रंग तेवढा राहिला.

काळ्याशी मराठीचं वागणं मोठं दुटप्पी आहे. तोंड काळं करणं, काळा बाजार, काळी यादी, हे सगळं आपण सहज बोलून जातो. आणि तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतो तीही काळीच. गळ्यातली पोत काळ्या मण्यांची, संक्रांतीची चंद्रकळा काळी. गावात वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची ती काळी. राहतो पांढरीत, पण आई म्हणतो काळीला.

सावळा हा संस्कृत श्यामलचा प्राकृतातून आलेला नातू. आजोबांचा भारदस्तपणा त्याने सोडला आणि तो घरातला झाला. मग घरात त्याचं काय झालं?

माझ्या मावशीचं लग्न ठरत होतं तेव्हा आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद मी पाहिला आहे. ‘मुलगी सावळी, पण नाकीडोळी नीटस.’ लेकीवर त्यांचा जीव होता, तिला काळी म्हणवेना म्हणून त्यांनी सावळी लिहिलं. पुढचं ‘पण’ मात्र त्यांना टाळता आलं नाही. तो कागद घेऊन मावशी बराच वेळ खिडकीशी बसली होती. त्याच घरात रोज संध्याकाळी हरिपाठ व्हायचा.

आता तुकोबा ऐका : ‘सावळे सुंदर रूप मनोहर, राहो निरंतर हृदयी माझे.’ सावळे आणि सुंदर यांच्यामध्ये ‘पण’ सोडा, साधा ‘आणि’सुद्धा नाही. आणि ज्ञानोबांच्या त्या विराणीत आधी सुगंधाची झुळूक येते, विरहिणी धडपडत बाहेर जाते आणि तिला दिसतो ‘तो सावळा सुंदरू’. तिथेही दोन्ही शब्द एकमेकांना चिकटून आलेत. माझ्या मते हा केवळ यमकाचा, छंदाचा भाग नाही. या कवींच्या लेखी सावळेपण हेच सौंदर्याचं कारण आहे. भरलेल्या मेघाचा रंग सावळा, आणि पावसाकडे डोळे लावून बसलेल्या मुलखाला त्याहून देखणं दुसरं काय दिसणार?

चोखोबा आणखी पुढे जातात. ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हा प्रश्न ज्याला देवळाबाहेर उभं केलं त्याने विचारलेला आहे, हे विसरून तो नुसता सुभाषितासारखा म्हणू नये. ऊस वाकडा असला म्हणून रस वाकडा नसतो, हे तो स्वतःच्या अंगावर सोसून सांगतो आहे.

शेवटी विष्णुदास नाम्याची गौळण, जी मला सगळ्यांत जास्त आवडते. रात्र काळी, घागर काळी, यमुनेचं जळ काळं. गळ्यातली मोत्यांची एकावळीसुद्धा काळी. आणि मग ती बाई सरळ म्हणते, ‘मी काळी’. त्यात लाज नाही, सारवासारव नाही. एकटीने पाण्याला जाणार नाही म्हणते आणि सोबत मागते : ‘सवे पाठवा मूर्ति सावळी’. एवढ्या काळ्या पसाऱ्यात सावळी आहे ती फक्त ही सोबत. पण गौळण संपते तिथे तीच कृष्णमूर्ती ‘बहु काळी’ होते. लांबून हाक मारताना सावळी म्हटलं होतं. जवळ आल्यावर तोही तिच्याच रंगाचा निघाला.