इम्प्लांट, हाड आणि अल्ट्रासाउंड

नमस्कार श्रोतेहो. रामबाग असो की लोकमान्य नगर, इंदूरच्या आपल्या मराठी घरांत हल्ली कवळीऐवजी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि नंतर त्यावर दाताची कॅप, बसवून घेणारी मंडळी बरीच दिसतात. स्क्रू बसला की पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, चावता कधी येणार?" नेहमीचं उत्तर असं की खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्यात सहापर्यंत, कारण वरचं हाड विरळ असतं. आता त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो: अल्ट्रासाउंडचं यंत्र लावलं तर हाड स्क्रूला लवकर धरतं म्हणे, खरं का?

स्क्रू बसवल्या दिवशी तो घट्ट वाटतो, पण तो घट्टपणा नुसत्या आट्यांचा असतो. पुढच्या काही आठवड्यांत भोवतालचं जुनं हाड थोडं झिजतं आणि नवं अजून पुरतं तयार झालेलं नसतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास, काहीही दुखत नसताना, इम्प्लांटची पकड सगळ्यात कच्ची असते. तेव्हा त्यावर भुट्टा चावला आणि स्क्रू किंचित जरी हलत राहिला, तर हाडाऐवजी मऊ तंतूंचा पापुद्रा तयार होतो आणि इम्प्लांट सुटतो.

हा कच्चा काळ कमी व्हावा म्हणून अल्ट्रासाउंडचा विचार झाला. यातल्या लहरी अगदी सौम्य असतात: दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट, रोज वीस मिनिटं. हाडाच्या पेशींना त्यांचा सूक्ष्म दाब जाणवतो आणि त्या कामाला लागतात, अशी कल्पना आहे. हातापायाच्या ताज्या फ्रॅक्चरसाठी अमेरिकेत या उपचाराला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. सशांसारख्या प्राण्यांत टायटॅनियमभोवती हाड जास्त धरल्याचंही दिसलं आहे. मला यात मनापासून रस आहे, म्हणूनच पुढचंही सांगायला हवं. नडगीचं हाड मोडलेल्या ५०१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०१६ मध्ये तिचे निकाल आले, तेव्हा खरं यंत्र लावलेले आणि नुसतं दिखाऊ यंत्र लावलेले रुग्ण सारख्याच वेगानं बरे झाले होते. माणसाच्या जबड्यातल्या इम्प्लांटबद्दलचा पुरावा तर अजून फारच तोकडा आहे.

तेव्हा "यंत्र लावा, महिन्यात कॅप घ्या" असं कुणी म्हटलं तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. घरी फिजिओथेरपीचं अल्ट्रासाउंड असेल तर तेही जबड्याला लावू नका. त्याची ताकद कितीतरी जास्त असते आणि ते आतून गरम करतं.

साखर आटोक्यात ठेवणं आणि तंबाखू, गुटखा, सिगारेट बंद करणं, यांचा हाड धरण्याशी संबंध पक्का आहे. काका-काकूंनो, इथे मी आग्रहच धरीन.

आणि एक. इम्प्लांटवर छोटी खुंटी बसवून, तिच्या कंपनांवरून पकड किती आली आहे ते काही दवाखान्यांत मोजता येतं. कॅपची तारीख ठरवण्याआधी आपल्या डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.