‘फॉरमॅट मारूया’च्या आधी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मेमरी वाढवा, संगणक पळवा’. त्यावर बोलणारच आहे. पण आधी जरा ‘फॉरमॅट मारूया’वर, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं घालण्यावर, बोलू द्या, बरेच दिवस पोटात आहे.

आमचे मेहुणे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे अडते. पाडव्याच्या मुहूर्तावर सौदे सुरू झाले की काउंटरवर हिशेबाच्या पट्टीसाठी शेतकरी खोळंबलेला, आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरतंय. मेहुणे वैतागून म्हणायचे, “दाजी, ह्यो डबा पंचगंगेत टाकू काय?” मग मेकॅनिक यायचा. झाकणही न उघडता निदान तयार : “व्हायरस हाय, फॉरमॅट मारूया.” डबा गाडीवर घालून न्यायचा. परत आला की आठवडाभर बरा पळायचा, कारण सुरू होतानाच चिकटणारे दहा प्रोग्राम तेवढे उडालेले असायचे. पण प्रिंटर सापडायचा नाही, मराठी फॉन्ट गायब, आणि शेतकऱ्याच्या नावाच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं! पैसे मात्र दर वेळी रोख.

भाच्याचा उपाय वेगळा : रिफ्रेश. सारखं एफ ५. त्यानं डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात, वेग एक कणभर वाढत नाही. इथं कोण कोण दाबतं? हात वर करा. ...पुढच्या रांगेतले सर, तुम्हीसुद्धा?

शेवटी मी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं आणि टास्क मॅनेजर उघडला, संगणकाचं कुठलं अंग किती राबतंय ते त्यात दिसतं. प्रोसेसर निवांत, मेमरी काठोकाठ, डिस्क शंभर टक्के. ४ जीबीत बिलांचा प्रोग्राम, अँटिव्हायरस, व्हॉट्सॲप आणि ब्राउझरचे न मिटलेले टॅब. मेहुण्यांना म्हटलं, सौद्याचा कट्टा लहान पडतोय, म्हणून गुळाचे रवे सारखे गोदामात ने-आण करताय. ते लगेच समजले. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, भरली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइल नावाच्या राखीव जागेत टाकतं आणि लागेल तसा परत आणतं. रॅमला उत्तर द्यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट! शेतकरी खोळंबायचा तो इथं. दुसऱ्या स्लॉटमध्ये ४ जीबीची जोडीदार रॅम बसवली, रॅमकडे जाणारे दोन्ही रस्ते (चॅनेल) चालू झाले, आणि पंचगंगा वाचली.

(अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं, साहेब.)

तर मूळ विषय भरभर. आधी काम चालू असताना मेमरी किती भरते ते बघा. निम्मी रिकामी असेल तर आणखी रॅम घालून काही होणार नाही. त्याच टास्क मॅनेजरमध्ये किती स्लॉट वापरात आहेत आणि वेग किती, तेही दिसतं. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या, त्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. दाबून तर नकोच. जुन्या लॅपटॉपला डीडीआर३एल लागते का ते नक्की विचारा : साधी १.५ व्होल्टवर चालते, ‘एल’ १.३५वर. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम त्याला वापरताच येत नाही, आधी ६४ बिट करा. कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते, ते दुकानात पैसे देण्याआधी तपासा. बसवताना वायर काढा, लॅपटॉपची बॅटरी सोडवा, उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा.

आणि मेमरी मोकळी असूनही डिस्कच शंभर टक्के दिसत असेल, तर रॅमचे पैसे एसएसडीला, म्हणजे फिरती चकती नसलेल्या वेगवान डिस्कला, लावा. बाकीचे प्रश्न चहाला.