घड आधी डोळ्यात धरतो

[दृश्य: दिंडोरी तालुका, एप्रिल. छाटलेली द्राक्षबाग.]

एप्रिलमध्ये दिंडोरी-निफाडकडे गेलात, तर द्राक्षबागा बोडक्या दिसतात. खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या उतरवणारी छाटणी, झालेली असते. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एखाद-दुसरा डोळा (जिथून कोंब फुटतो तो) ठेवून बाकी सगळं उतरवलेलं. मग नवी काडी फुटते, पानं भरतात, बाग हिरवीगार होते; पण द्राक्षाचा एक मणी नाही. खत, पाणी, मजुरी मात्र चालूच. नवख्याला वाटेल, पैसे मातीत चाललेत. बागायतदाराला ठाऊक असतं, पुढचा घड याच काडीच्या डोळ्यात धरतोय. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की तो बाहेर पडेल.

लेखनाचा पहिला खर्डा म्हणजे ही एप्रिलची काडी.

[दृश्य: वाचनालयातली कपाटं.]

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं. शिरवाडकर, वसंत कानेटकर, बाबूराव बागूल ही याच शहरात राहून लिहिलेली माणसं. पण कपाटात लागतं ते मुद्रितं तपासून, बांधणी होऊन आलेलं पुस्तक. खाडाखोडीचे कागद तिथे कोण मांडतंय? नव्याने लिहिणारा आपली वही त्या छापील पानाशेजारी ठेवून बघतो, आणि मिटून टाकतो. ही तुलनाच अन्यायाची.

[दृश्य: वहीची पानं, अगदी जवळून.]

ही वही भांडीबाजारातल्या एका दुकानदाराच्या नातीची. विषय, 2016च्या ऑगस्टमधला गोदेचा पूर. पहिलं वाक्य: 'गोदावरी ही दक्षिणेची गंगा म्हणून ओळखली जाते.' दहावीपर्यंत निबंध लिहिलेल्या कोणाच्याही हातून हेच उतरेल. पुढे ब्रह्मगिरी, रामकुंड, कुंभमेळा. अक्षर सुवाच्य, समास सरळ. तिसऱ्या पानावर मात्र अक्षर बिघडतं, वेलांट्या सुटतात, आणि हे येतं:

'दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, असं कोणीतरी ओरडत गेलं. आजोबांनी आधी तांब्याचे हंडे माळ्यावर चढवले, पितळ नंतर. गल्ला खालीच राहिला.'

गुडघा, कंबर, छाती: नाशिककर पूर मोजतात तो गोदेच्या पात्रातल्या या मारुतीच्या मूर्तीवरून. लेख इथे सुरू होतो.

मग थेट इथूनच सुरुवात करता आली असती का? आम्हाला नाही वाटत. ती दोन पानं लिहिता लिहिताच हात मोकळा झाला. मध्येच थांबून ती शुद्धलेखन नीट करत बसली असती, तर दक्षिणेची गंगा चकचकीत झाली असती. हंडे आलेच नसते.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांची एक पंचाईत आहे. पुसलं की गेलं. वहीत काट मारलेलं वाक्य रेघेखालून वाचता येतं, पुन्हा उचलता येतं.

आणि हो, खर्डा वेडावाकडा चालतो म्हणजे तो तसाच लोकांपुढे ठेवावा, असं नाही. कात्री लागतेच, पण नंतर.

[दृश्य: दुसरा खर्डा. समासात पेन्सिलीच्या नोंदी.]

दुसऱ्या खर्ड्यात ब्रह्मगिरी गेला, कुंभमेळा गेला. समासात प्रश्न आलेत. तांबं आधी का? भाव जास्त म्हणून, की हाताशी होतं म्हणून? माळ्यावर कोण चढलं? गल्ला पुढे सापडला का?

आजोबा दुपारी दुकान लावून झोपतात. पाचनंतर उठले की विचारायचं ठरलंय.